मंत्रचळ आणि लोकभय : दोन दुखणी व त्यांवरील उपचार

मंत्रचळ हा शब्द आपल्या भागातील जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ऐकू येतो. एखादी बाई सारखे हात धूत बसली, एखादा माणूस कुलूप लावून चार पावले गेला की मागे फिरून ते पुन्हा ओढून पाहू लागला, तर ‘त्याला मंत्रचळ लागलाय’ असे म्हणून लोक मोकळे होतात. चारचौघांत ज्याची वाचा बसते त्याला ‘बुजरा’ म्हणतात. हे दोन्ही शब्द आपण थट्टेने वापरतो. पण ज्याच्यावर ते वापरले जातात त्याच्या घरात कोणी हसत नसते. वैद्यकशास्त्रात पहिल्या दुखण्यास ओसीडी, म्हणजे विचार-कृतींची अनिवार्यता, आणि दुसऱ्यास सोशल अँग्झायटी, म्हणजे सामाजिक भयगंड असे नाव आहे. दोन्हींवर औषधे आहेत, औषधांखेरीजचे उपायही आहेत, आणि त्यांसाठी पुण्या-मुंबईसच गेले पाहिजे असे नाही. हे आपल्या समाजबांधवांना, विशेषतः वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या मुलामुलींना नीट समजावे, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लागलो आणि इतकी वर्षे काउंटरमागे बसून माणसे पाहिली, वाचनाची सवय सुटू दिली नाही, एवढीच आमची पात्रता. मात्र काउंटर ही जागा मोठी बोलकी असते. पैसे भरून पावती घेतलेला माणूस दाराबाहेर जाऊन परत येतो आणि ‘साहेब, शिक्का बसलाय ना?’ असे विचारतो. एकदा विचारले तर ती सावधगिरी. पाचव्यांदा विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जी लाज असते, ती सावधगिरीची नसते. दुसरा प्रकार सह्यांचा. घरून करून आणलेली सही नमुन्याशी तंतोतंत जुळते. पण समोर करावयास सांगितली की हात कापू लागतो, पेन घसरते आणि सही जुळत नाही. मागे रांगेतील लोक पाहत असतात, म्हणून हात आणखी कापतो. अशा माणसास लबाड समजून कोणी खेकसले, तर तो पुन्हा बँकेची पायरी चढत नाही. पुतण्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या हातून व्यवहार करू लागतो, आणि त्यातून पुढे काय काय होते ते बँकेतल्या माणसाला निराळे सांगावयास नको. इतरांदेखत लिहिण्याची ही भीती सामाजिक भयगंडाच्या ओळखीच्या लक्षणांपैकी एक आहे.

आधी मंत्रचळाची रचना पाहू. या दुखण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग विचाराचा. मनात नको असलेला एक विचार, चित्र किंवा शंका घुसते आणि हुसकली तरी जात नाही. हात घाण झाले असतील, गॅस चालू राहिला असेल, मोटारसायकलखाली कोणी आले असेल, अशी ती शंका असते. दुसरा भाग कृतीचा. त्या शंकेने जीव इतका कासावीस होतो की माणूस हात धुतो, गॅस पाहून येतो, आलेला रस्ता पुन्हा तपासून येतो. क्षणभर हायसे वाटते. आणि इथेच सारी मेख आहे. कृती केल्याने हायसे वाटले, एवढेच मन लक्षात ठेवते. शंका खोटी होती हे शिकत नाही. पुढच्या वेळी ते तीच कृती अधिक जोराने मागते. सावकाराला व्याज देत राहावे आणि मुद्दल वाढतच जावे, तसा हा व्यवहार आहे.

सर्वच कृती डोळ्यांना दिसतात असेही नाही. काही जण मनातल्या मनात आकडे मोजतात, एखादा शब्द ठरावीक वेळा म्हणतात, घडून गेलेला प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून तपासतात. याहून अवघड प्रकार म्हणजे भयंकर विचारांचा. आपल्याच हातून तान्ह्या मुलाला इजा होईल, आदरणीय व्यक्तीबद्दल तोंडून अभद्र शब्द निघेल, घाणेरडे चित्र डोळ्यांसमोर येईल, असे विचार काहींना छळतात. ती माणसे मनाने दुष्ट असतात काय? उलट, त्या विचाराचा त्यांना इतका तिटकारा असतो म्हणूनच तो विचार त्यांना चिकटून बसतो. बाळंतीण झालेल्या काही स्त्रियांना हा त्रास होतो आणि त्या सुरीला हात लावीत नाहीत, बाळाजवळ एकट्या थांबत नाहीत. पण भीतीपोटी कोणालाही सांगत नाहीत. डॉक्टरांना हे विचार नवे नसतात. त्यांच्यापुढे ते उच्चारले म्हणून कोणी पोलिसांना बोलावीत नाही, हे अशा भगिनींना कोणीतरी सांगावयास हवे.

नीटनेटकेपणा आणि हे दुखणे यांत फरक काय, असे अनेकजण विचारतात. डॉक्टर साधारणपणे तीन गोष्टी पाहतात. दिवसाचा तासभर वा त्याहून अधिक वेळ यात जातो काय, त्याचा मनाला त्रास होतो काय, आणि नोकरी, अभ्यास, संसार यांत त्याने अडथळा येतो काय. आमच्या व्यवसायात नोटांचे बंडल दोनदा मोजणे हा नियम आहे. नियमाने दोनदा मोजणारा कारकून आजारी नव्हे. दहाव्यांदा मोजूनही ज्याचे समाधान होत नाही, आणि समाधान होणार नाही हे ज्याला स्वतःलाही कळते, तो आजारी.

बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण तेथील आकडा आपल्यालाही उपयोगी आहे. प्रौढांपैकी सुमारे ०.८ टक्के लोकांना ओसीडी आढळला. हजार सभासदांच्या एखाद्या संस्थेत हा हिशेब लावला तर सात-आठ माणसे होतात. त्याच पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसले. म्हणजे त्या सात-आठांपैकी औषध घेणारे दोघे असले तरी खूप झाले. उरलेले आपल्याच सभेला, आपल्याच लग्नाला येऊन जातात, आणि आपल्याला पत्ता नसतो.

येथे एक गोष्ट आमच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहावीशी वाटते. धुण्या-पुसण्याच्या मंत्रचळाचे वर्णन वाचले की आपल्या लोकांना साहजिकच विटाळ आठवतो. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर तेथील सनातन्यांनी गोमूत्र-शेण ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हे आपण सर्व जाणतो. तेव्हा, सारखे हात धुणारा माणूस मनातून शिवाशीव पाळतो की काय, असा संशय येणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. पण या दोन गोष्टी एक नव्हेत. विटाळ मानणारा अभिमानाने मानतो, त्यासाठी त्याला शास्त्राचा आधार असतो, आणि त्याचा त्रास दुसऱ्याला होतो. मंत्रचळाचा रुग्ण रडत रडत हात धुतो, त्याला स्वतःलाच ते वेडेपणाचे वाटते, आणि सोलवटलेली कातडी त्याची स्वतःची असते. दुखणे ज्या घरात जन्मते तेथलाच माल वापरते, एवढेच. सोवळ्याच्या घरात ते सोवळ्याचे रूप घेते, आपल्या घरात जंतूंचे. २०२० च्या करोनाकाळात तर सरकारच हात धुवा म्हणून सांगत होते. तेव्हा अनेक घरांत दुखणे कुठे संपते आणि खबरदारी कुठे सुरू होते हे ओळखणे कठीण झाले होते.

आता लोकभयाकडे वळू. लातूर पॅटर्नच्या नावाने लातुरास, आणि गेल्या काही वर्षांत शिकवणी वर्गांसाठी नांदेडलाही, आजूबाजूच्या जिल्ह्यांतील हजारो मुले येतात. मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंगा या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांतून आलेला मुलगा दोनशेच्या वर्गात बसतो. शंका असते, पण हात वर होत नाही. हात वर केला तर आवाज चिरकेल, बोली गावंढळ वाटेल, लोक वळून पाहतील, या कल्पनेनेच छातीत धडधडते, तोंड कोरडे पडते. थोडी धडधड सगळ्यांनाच होते. दुखणे तेव्हा म्हणावे जेव्हा मुलगा मेसमध्ये चारचौघांत जेवावयास लागू नये म्हणून उपाशी राहतो, तोंडी परीक्षेच्या दिवशी खोलीवर पडून राहतो, मुलाखतीचे पत्र आले तरी जात नाही. हे दुखणे बहुधा तेरा-चौदाच्या वयात सुरू होते आणि ‘पोरगा शांत आहे, गुणी आहे’ म्हणून घरचे कौतुकच करीत राहतात. ओसीडीदेखील बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वयातच डोके वर काढतो. एकच ओळ वीस वेळा वाचणे, उत्तरपत्रिकेतील गोल बरोबर काळा झाला की नाही हे तपासण्यात पेपरचा वेळ घालवणे, ही त्याची विद्यार्थिदशेतील रूपे. अशा मुलाला ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा मिळतो. तो जितका अन्यायाचा तितकाच महागात पडणारा आहे. कारण त्या मुलाचे लक्ष गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते.

लोकभयाचे यंत्र असे चालते : माणूस समोरच्याकडे न पाहता स्वतःकडे पाहू लागतो. माझा आवाज कसा येतोय, कान लाल झाले काय, हात कापतोय काय, यावरच सारे ध्यान. मग समोरचा हसला की आपल्यालाच हसला. ते टाळण्यासाठी तो कमी बोलतो, मान खाली घालतो, कोपरा धरतो. आणि कोपरा धरल्यामुळे ‘मला लोकांत जमत नाही’ ही समजूत कधी तपासलीच जात नाही. मंत्रचळात कृती जे करते, ते इथे टाळाटाळ करते.

मात्र एक भेद करणे आवश्यक आहे. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या आपल्या मुलाला आडनाव सांगताना जे अवघडल्यासारखे होते, ते सगळेच दुखणे नव्हे. कोणी खरोखर जातीवरून बोलले असेल, टोमणे मारले असतील, तर ती भीती मुलाच्या मेंदूतली नाही, वर्गातली आहे. त्यावर गोळी नाही. त्यासाठी प्राचार्यांकडे तक्रार आहे, आणि प्रसंगी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. डॉक्टरकडे जाताना हेही सांगावे. अपमान थांबूनही मूल वर्षानुवर्षे ओळखीच्या, प्रेमाच्या माणसांतदेखील घुसमटत राहिले, तर मात्र उपचार हवाच. दोन्ही एकाच मुलाच्या वाट्याला येऊ शकते, आणि आपल्याकडे येते.

औषधांविषयी आपल्याकडे जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाविषयी नसतील, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो. मंत्रचळावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्लोमिप्रामिन नावाचे औषध लागू पडते असे युरोपातील डॉक्टरांना दिसले. अमेरिकेत त्याला या आजारासाठी १९८९ मध्ये मान्यता मिळाली. पुढे फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सरट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटालोप्राम ही औषधे आली आणि आज बहुधा यांपैकीच एक प्रथम दिले जाते. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी द्रव्ये वापरतात त्यांत सेरोटोनिन हे एक आहे. ही औषधे ते लवकर परत शोषले जाऊ देत नाहीत. तेवढ्याने आराम का पडतो याचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांनाही झालेला नाही. पण आराम पडतो, हे हजारो रुग्णांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. सामाजिक भयगंडावरही हीच औषधे चालतात.

यात रुग्णांची फसगत कुठे होते? पहिली वेळेच्या बाबतीत. ताप उतरवणारी गोळी तासाभरात काम करते. ही औषधे आठवड्यांच्या हिशेबाने काम करतात. ओसीडीत एखादे औषध लागू पडले की नाही हे ठरविण्यासाठी ते पुरेशा मात्रेत आठ ते बारा आठवडे घेऊन पाहावे लागते. उदासीनतेसाठी लागते त्याहून मात्राही बहुधा जास्त लागते. फ्लुओक्सेटिन उदासीनतेत २० मिलिग्रॅम पुरते, ओसीडीत डॉक्टर ते हळूहळू ४० ते ६० किंवा त्याहून वर नेऊ शकतात. चिठ्ठीवरील आकडा वाढला म्हणजे आपण जास्त वेडे झालो, असे समजून अनेकजण तिसऱ्या आठवड्यात औषध बंद करतात, आणि ‘इंग्रजी औषधाने काही फरक पडला नाही’ असे गावभर सांगतात. अर्धवट घेतलेल्या औषधाची ही बदनामी आम्ही अनेक घरांत ऐकली आहे.

दुसरी फसगत सुरुवातीच्या त्रासाची. पहिले आठ-पंधरा दिवस मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, झोप कमी वा जास्त होणे, थोडी बेचैनी, असे काही होऊ शकते. बहुतेकांत ते ओसरते. गोळी जेवणानंतर घेणे, कमी मात्रेने सुरुवात करणे, सकाळ-संध्याकाळची वेळ बदलणे, असे सोपे मार्ग डॉक्टर सुचवितात. लैंगिक इच्छा कमी होणे हाही एक परिणाम आहे. लाजेने तो कोणी सांगत नाही आणि गुपचूप गोळी सोडून देतो. तो सांगावा, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. क्लोमिप्रामिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, झापड येते, आणि हृदयाची तपासणी करूनच ते द्यावे लागते. पंचविशीच्या आतील मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. तसे वाटल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अंगदुखीसाठी सारख्या वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असेल तर तेही सांगावे, कारण काही वेदनाशामकांसोबत ही औषधे घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. गरोदर स्त्रीने तर स्वतःच्या मनाने औषध सोडूही नये आणि चालूही ठेवू नये. डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

तिसरी आणि मोठी फसगत झोपेच्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी अर्ध्या तासात जीव शांत होतो, म्हणून त्याच खऱ्या वाटतात. सवय लागणाऱ्या गोळ्या म्हणतात त्या याच. थोड्या दिवसांसाठी डॉक्टर त्या देतात. पण ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षे घेत राहिले की मात्रा वाढते, स्मरण मंदावते, आणि एकदम सोडल्या तर झटकेही येऊ शकतात. यांपैकी अल्प्राझोलामच्या गोळ्या २०१४ पासून एच-वन अनुसूचीत आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यावयाच्या नाहीत आणि दुकानदाराने वेगळ्या वहीत त्यांची नोंद ठेवावयाची. फ्लुओक्सेटिनच्या जातीच्या औषधांचे तसे नाही. त्यांची नशा नसते, ओढ नसते. फक्त एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात मुंग्या असा त्रास होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवावी लागतात. भाषणापूर्वी हात कापू नये म्हणून प्रोप्रानोलोल ही गोळी काहीजण घेतात. ती दम्याच्या रुग्णास घातक ठरू शकते, तेव्हा मित्राची गोळी आपण घेऊ नये.

बरे वाटू लागल्यावरही ओसीडीत साधारण एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, काहींना त्याहून अधिक काळ. पहिल्या औषधाने सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. निम्म्याच्या आसपास लोकांना चांगला फरक पडतो. बाकीच्यांसाठी दुसरे औषध, किंवा त्याच्या जोडीला रिस्पेरिडोन वा अॅरिपिप्राझोल यांची थोडी मात्रा देतात. ही नावे मोबाईलवर शोधून ‘ही तर स्किझोफ्रेनियाची गोळी’ म्हणून घरचे घाबरतात. मात्रा आणि कारण वेगळे असते, एवढे विचारून घेतले की पुरे.

पण गोळी एकटी फार पुढे नेत नाही. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १९६६ साली एक पद्धत लिहून प्रसिद्ध केली. ती सुधारून आजही वापरली जाते. ज्याची भीती वाटते ते करावयाचे आणि मग नेहमीची कृती करावयाची नाही, हे तिचे सूत्र. ऐकावयास क्रूर वाटते, पण ती पायरीपायरीने चालते. रुग्ण आपल्या भीतींना शंभरपैकी गुण देतो. दाराच्या कडीला हात लावून दहा मिनिटे न धुणे ३०, बसस्टँडच्या बाकावर बसून तसेच घरी येणे ५०, सार्वजनिक संडासाच्या दाराला हात लावून एकदाच धुणे ८०. तिसापासून सुरुवात. पहिल्यांदा जीव तडफडतो. पण भीती ही लाटेसारखी असते, वर चढते, थोडा वेळ टिकते आणि कृती न करताही उतरते. ती उतरताना स्वतः अनुभवणे, यातच उपचार आहे. सामाजिक भयगंडात हीच शिडी दुकानदाराला भाव विचारण्यापासून सुरू होते आणि सभेत आभार मानण्यापर्यंत जाते. आभारप्रदर्शन हे आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात कोणालाच नको असते. ते अशा मुलाला, त्याची तयारी करून घेऊन, द्यावे अशी आमची सूचना आहे.

घरच्यांचा वाटा इथे मोठा असतो. ‘आई, कुलूप लागलंय ना?’ या प्रश्नाला आई मायेने दिवसातून चाळीस वेळा ‘हो बाळा’ म्हणते, त्याच्यासाठी कपडे वेगळे धुते, पाहुण्यांना तोच आजारी असल्याचे सांगून टाळते. मायेपोटी आपणही त्या कृतीत भागीदार होतो. ती भागीदारी एका दिवसात तोडू नये. डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोलून, मुलालाही सांगून, चाळीसचे वीस, वीसचे पाच असे करावे. आणि रागाने हात बांधून ठेवणे, नळ बंद करणे हा उपचार नव्हे.

राहणीमानाविषयी थोडक्यात. झोपेची वेळ ठरलेली असावी. पहाटे चारपर्यंत अभ्यास आणि दुपारी झोप, हा खोलीवरचा रिवाज या दुखण्यास खतपाणी घालतो. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालण्याने ताण कमी होतो. दिवसाकाठी सात-आठ कप चहा घेणाऱ्यास धडधड अधिक होते, हे सांगावयास डॉक्टर कशाला हवा? दारूने लोकांत मोकळे बोलता येते असे समजून जी सवय लागते ती सामाजिक भयगंडातून व्यसनाकडे जाणारी सरळ वाट आहे, आणि औषधे चालू असता ती अधिकच वाईट. मोबाईलवर लक्षणे शोधत बसणे हीसुद्धा तपासण्याचीच कृती आहे. शिक्का पुन्हा पाहण्यासारखी.

ध्यानाविषयी आपल्या लोकांत आस्था आहे, म्हणून दोन शब्द. श्वासावर लक्ष ठेवण्याचा रोजचा सराव अनेकांना उपयोगी पडतो, विशेषतः विचार आला तरी त्याच्यामागे न धावण्याची सवय लागते. पण श्वास बरोबर झाला की नाही याचीच शंका घेत तो पुन्हा पुन्हा करणे, हा मंत्रचळाचाच नवा अवतार होऊ शकतो. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांवरील दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजार व चालू औषधे यांची माहिती विचारतात, ती लपवू नये. आणि शिबिरासाठी म्हणून गोळ्या बंद करणे तर मुळीच करू नये. ध्यान हे औषधाच्या जोडीला असावे.

उपचार कोठे मिळेल? महाराष्ट्रातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. त्यांत मराठवाड्याचे एकही नाही. त्यामुळे ‘मनोरुग्ण’ म्हटले की आपल्याकडे येरवडाच आठवतो. परंतु या दोन दुखण्यांसाठी भरती होण्याची वेळ क्वचितच येते. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे मानसोपचार विभाग आहेत. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येते. दोन्ही शहरांत खाजगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. लोकांसमोर ज्याची वाचा बसते त्याला पहिले बोलणे फोनवर करणे सोपे जाते. बरीचशी औषधे जनऔषधी केंद्रांत मूळ नावाने पुष्कळ स्वस्त मिळतात, तेव्हा डॉक्टरांना मूळ नाव लिहून मागावे.

भानामती, करणी, अंगात येणे यांच्या नादी लागणे आपल्यात कमी झाले असले तरी आजोळी, सासरी हा सल्ला देणारे अजून भेटतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, वैद्यकीय उपचारापासून रोखणे हा गुन्हा ठरविला आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावयाचे आहे. विमा घेताना ही बाब कागदावर वाचून घ्यावी, कारण बाह्यरुग्ण औषधांचा खर्च बहुतेक पॉलिसींत धरलेला नसतो. कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ‘ऑफिसात कळेल’ म्हणून जे नोकरदार बंधू दवाखान्यात जात नाहीत, त्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. स्थळे येऊ लागली की आई गोळ्यांची पाकिटे लपविते, लग्नाच्या महिनाभर आधी गोळ्या बंद होतात, आणि नव्या घरात, नव्या माणसांत, दुखणे दुप्पट होऊन उसळते. मग सासरचे म्हणतात, फसवले. लग्न ठरविताना दोन्ही घरच्या एक-दोन समंजस माणसांनी डॉक्टरांना एकत्र भेटावे. मधुमेहाचे सांगतो तसे हे सांगावे. एखादे स्थळ त्यामुळे मोडेल. पण गोळी लपवून झालेले लग्न कोणत्या वळणावर येते, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

पहिल्यांदा दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्यावे : कोणता विचार येतो, त्यासाठी काय करावे लागते, दिवसातले किती तास जातात, काय काय टाळले जाते, कधीपासून, घरात आणखी कोणाला असे होते काय, दुसरी कोणती औषधे चालू आहेत. शासकीय दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी मिळतो, आणि सामाजिक भयगंडाच्या रुग्णाला तर ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. तो कागद न बोलता केसपेपरसोबत टेबलावर ठेवला तरी चालते.